पंचाचा वाटा

वहिनी गेली तेव्हा मी प्रयोगशाळेत तराजूपुढे बसलो होतो. रसायनशाळेचा तराजू काचेच्या पेटीत असतो. पेटीचं दार खाली ओढलं की श्वासाचा वारासुद्धा आत जात नाही, आणि काटा डोलत डोलत हळूहळू मधल्या रेघेवर येतो. तेवढा वेळ फक्त त्याच्याकडे बघायचं असतं. इस्पितळातून निरोप घेऊन आमच्या विभागातला एकजण दारात येऊन उभा राहिला, हे मला जाणवलं होतं. तो आत येत नव्हता, त्यावरूनच सगळं समजलंही होतं. तरी काटा थांबेपर्यंत मी मान वर केली नाही. चुनखडीचं वजन घेतलं, नोंदलं, आणि मग विचारलं, "केव्हा?" महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात, धीर देतात, पण माझ्या मनातून ती घटका जात नाही. आपल्या माणसाच्या मरणाला मी काटा थांबेपर्यंत दारात उभं ठेवलं... वहिनीला हे सांगता आलं असतं, तर ती रागावली नसती. म्हणाली असती, "आधी उठले असते तर पुन्हा करा लागलं असतं नं, भाऊजी."

वहिनीचं नाव वत्सला. नागपूरच्या कॉलेजात ती दोन वर्षं विज्ञान शिकली होती, मग आमच्या दादाशी लग्न होऊन ती भंडाऱ्याकडच्या आमच्या शेतकरी घरात आली. कॉलेज सुटलं, पण परीक्षानळी हातात घेतल्यावर तिच्या बोटांना जे वळण यायचं ते सुटलं नाही. मी अविवाहित, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. इथल्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आमचं तिघांचं घर होतं. वहिनीने आयुष्यात केलं काय, असं कोणी विचारलं, तर लोक म्हणतील, स्वयंपाक. मी तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे, कारण तिने जे केलं ते या घराबाहेर दोन-तीन माणसांनाच ठाऊक आहे. दहाएक वर्षं ती एका रानटी मुळातलं औषध मोजत होती, आणि त्या मोजण्यावर माझा भाऊ माणसात राहिला.

भिलाईला आधी मी आलो. तेव्हा इथे तंबू होते, पत्र्याच्या शेड होत्या आणि लाल धूळ. जमिनीत खांब ठोकायचा आवाज दिवसभर चालायचा, आणि थांबला की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. माणसं लागतच होती. दादा गावाकडे राइस मिलचा ट्रक चालवायचा, इंजिनावर त्याचा हात चांगला. मीच गावी जाऊन त्याला घेऊन आलो. आई नको म्हणत होती, वहिनी तांदूळ निवडत होती, आणि मी एकटा बोलत होतो. मोठ्या भावाला नोकरी लावून देतोय याचा मला केवढा अभिमान होता! एका ठेकेदाराकडे दादाला डोझरवर घेतलं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो त्याचा दादाला कंटाळा येतो. "तू आणलं म्हणून आलो काय, पोट घेऊन आलं," असं तो म्हणतो. पण आणलं मीच.

जागा सपाट करायचं काम होतं. एक गाव उठवलं होतं, आणि माणसं जाऊन बरेच दिवस झाले होते. दारं, वासे, कौलं लोकांनी काढून नेली होती, मातीच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. हिवाळ्यातली सकाळ. दादा एकेक भिंत ढकलत चालला होता. एका घराची पुढची भिंत पडली, धूळ बसली, आणि आतली चूल दिसली. चूल पेटलेली होती. वर पितळी गंज होता, भाताचं पातेलं, त्याचं झाकण थडथड उडत होतं. भाताचा वास दादाला इंजिनाच्या धुरातूनही आला. तो खाली उतरला. हाका मारल्या, मागच्या आवारात बघितलं, विहिरीत वाकून बघितलं. कोणी नव्हतं. मुकादमाने लांबून शिट्टी फुंकली. गाव रिकामं आहे, वेळ नको घालवू, असं तो ओरडला. दादा परत वर चढला...

त्या दिवसापासून त्याची झोप गेली. रात्री तो अंगणातल्या खाटेवर बसून राहायचा आणि ऐकायचा. काय ऐकतोस म्हटलं तर एकच सांगायचा. "बापू, भात शिजून राहिला होता. म्हणजे कोणीतरी जेवायले येणार होतं नं? थो आला असंल, तवा मी काय ठेवलं तिथं?" कधी म्हणायचा, घरात कोपऱ्यात कोणी म्हातारं निजलं असेल, बहिरं असेल, माझी हाक गेली नसेल. मी म्हणायचो, तू बघितलंस की सगळं. तो म्हणायचा, धूळ होती. वहिनी त्याचे हात चेपत बसायची, कारण ते इंजिन बंद असतानाही थरथरायचे.

डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दादा झोपला. पण गोळ्या कधी दुकानात असायच्या, कधी महिनाभर नसायच्या. गोळी कशाची, असं वहिनीने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सर्पगंधाच्या मुळातून काढतात, तुमच्याच रानात उगवतं ते. वहिनी घरी आली ती शोध काढतच. आमच्या ओळीत पाणी भरायला सुकवारो नावाची एक छत्तीसगढी बाई येत असे. दिवसा ती बांधकामावर रेजा होती, डोक्यावरून माती वाहायची. तोंडाने मोठी फटकळ. माझं लग्न झालेलं नाही हे कळल्यापासून ती मला एकटं सोडत नसे. "तोर बर बाई लाने के जरी घलो हे मोर करा, बाबू," म्हणायची. बायको आणायची मुळीसुद्धा तिच्यापाशी आहे म्हणे! ही सर्पगंधाची मुळी तिला माहीत होती. त्यांच्यात वेड्या माणसाला देतात. तिने एक मूळ आणलं, बोटाएवढं, वाकडं, आणि वहिनीच्या हातात ठेवताना म्हणाली, "ए जरी ह मनखे ला सुता देथे, दीदी. फेर कती सुताथे, तेला झन पूछबे." माणसाला झोपवते ही, पण कुठे नेऊन झोपवते ते विचारू नकोस.

पहिल्यांदा सुकवारोच्या सांगण्याप्रमाणे चिमटीभर पूड दिली. दादा दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी उठेना. हातपाय गार, नाडी मंद, श्वास इतका सावकाश, की दोन श्वासांच्या मधे वहिनी स्वतःचा श्वास धरून बसायची. जागा झाला तेव्हा तो शांत होता. इतका शांत, की आम्हालाच भीती वाटली. पुढच्या वेळी वहिनीने दुसऱ्या ठिकाणाहून आणलेलं मूळ तेवढ्याच चिमटीने दिलं, तर काहीच झालं नाही. तो रात्रभर खाटेवर बसला. वहिनीने ठरवलं ते तेव्हा. "चिमटीचं काय माप राह्यते, भाऊजी? सुकवारोची चिमटी येगळी, माही येगळी, अन् मुळात काय हाय थे तिसरंच. मले मोजून पाह्यजे." कमी पडलं तर नवरा रात्रभर बसून कान देणार. जास्त झालं तर उठणार नाही. या दोन्हींच्या मधली जागा तिला शोधायची होती.

मोजायची रीत अवघड नव्हती, चिकाटीची होती. मुळाची बारीक पूड करायची, अमोनियाने भिजवायची, क्लोरोफॉर्ममध्ये मुरवायची. मुळातला गुण क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. तो आम्लात घ्यायचा, पुन्हा क्लोरोफॉर्ममध्ये आणायचा, आणि शेवटी क्लोरोफॉर्म उडवून टाकला, की वाटीच्या तळाला पिवळट पापुद्रा राहतो. तो पापुद्रा म्हणजे औषध. त्याचं वजन करायचं. आमच्या साहेबांनी एक जुनं काचेचं नरसाळं आणि क्लोरोफॉर्म घरी न्यायची परवानगी दिली. त्यांनाही रक्तदाब होता. "वहिनींचं जमलं की आमचंही बघा," असं ते हळूच म्हणाले. वाटी मी जेवणाच्या डब्यात घालून कारखान्यात न्यायचो आणि मधल्या सुट्टीत तराजूवर ठेवायचो. आमच्या धंद्यात एका वजनाला वजन म्हणत नाहीत. वाळवायचं, तोलायचं, पुन्हा वाळवायचं, पुन्हा तोलायचं. दोन्ही वेळा सारखं आलं तरच खरं. हे मी वहिनीला शिकवलं, आणि तिने ते माझ्याहून घट्ट धरलं. आकडा घेऊन घरी आलो की ती पोळी लाटता लाटता विचारायची, "दोनदा आलं काय?" एकदाच आलंय म्हटलं तर ती ऐकूनच घ्यायची नाही.

आणखी एक गोष्ट तिने आमच्याकडूनच उचलली. खनिजाचा माल आला, की आम्ही नमुन्याचे तीन वाटे करतो. एक माल पाठवणाऱ्याचा, एक आमचा, आणि तिसरा लाखेने बंद करून कपाटात. उद्या दोघांच्या आकड्यांत तंटा झाला, तर तिसरा वाटा पंचाकडे जातो. वहिनीने प्रत्येक मुळाचे असेच तीन वाटे करायला सुरुवात केली. एक मोजायला, एक दादाला, आणि तिसरा तोळाभर पुडीत बांधून, लाख लावून बिस्किटाच्या डब्यात. पुडीवर मूळ जिथून उपटलं ती जागा लिहायची. मी थट्टा केली होती. "वहिनी, तंटा कोणाचा अन् पंच कोण?" ती काडीवर लाख वितळवत होती. वर न बघता म्हणाली, "थो अजून आला नाही."

मुळं दोन ठिकाणची होती. काही डोंगराकडची, खाणींच्या वाटेवरच्या जंगलातली. काही त्या उठवलेल्या गावाच्या जागेवरची. गावाचा तो तुकडा दोन-चार वर्षं तसाच रिकामा पडला होता, ढकललेल्या भिंतींच्या मातीवर रान माजलं होतं, आणि सर्पगंधा तिथे इतकी यायची, की कोणी लावली असावी असं वाटायचं. वहिनी सुकवारोला घेऊन भर दुपारी जायची. सुकवारो कुंपणापाशीच थांबायची, वहिनी आत जाऊन खणायची. त्या पुड्यांवरची नावं मला पाठ आहेत. विहिरीजवळ. कोठ्यामागे. उंबऱ्याशी. चुलीजवळ... तिथे विहीर नव्हती, गुरांचा कोठा नव्हता, काहीच नव्हतं. सपाट जमिनीवर उभी राहून ती हे सगळं कसं ओळखायची, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तुमचे दादा सांगतात नं झोपीतून."

ते खरं होतं. त्या गावची मुळी घेतली, की दादा झोपेत बोलायचा. पिंपळावरून डावीकडे, मग तिसरं अंगण, बैल बांधलाय, जपून. काही शब्द छत्तीसगढीतले असायचे, जागेपणी त्याला न येणारे. आणि सकाळी ताट वाढलं की ते बाजूला सारून म्हणायचा, "जेवून आलो." पहिल्यांदा आम्ही हसलो. मग ते रोजचं झालं. कोण वाढतं, असं मी एकदा विचारलं. तो विचार करून म्हणाला, "हात दिसते. तोंड नाही दिसत." तो दिवसाला जेमतेम अर्धी पोळी खायचा. वहिनीने त्याला रेशनच्या दुकानात नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. दुकानदार म्हणाला, वहिनी, किती रुपये किलो? सगळे हसले, दादासुद्धा. काही दिवसांनी पुन्हा नेलं. वजन तेवढंच होतं. वहिनी काट्याकडे बघत उभी राहिली, आणि मला तेव्हा तिचा चेहरा आवडला नाही. दोनदा सारखं आलं होतं.

तिने डोंगरातली मुळी आणि गावातली मुळी मोजून अगदी एका जोराची केली. एकीची पूड थोडी जास्त, दुसरीची थोडी कमी, पण औषध सारखं. डोंगराच्या मुळीने दादा झोपायचा, मधे मधे जागा व्हायचा, कधी रडायचा, पण सकाळी ताटावर बसायचा. गावच्या मुळीने तो जायचा. म्हणजे तराजू म्हणत होता दोन्ही एकच, आणि दादा म्हणत होता नाहीत. रशियाहून आलेल्या पेट्यांत एक दिवा आला होता, त्याच्या उजेडात साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी चमकतात. साहेबांना विचारून मी एका मे महिन्याच्या दुपारी वहिनीला भांडारघरात नेलं. बाहेर झळा चालल्या होत्या. खिडकीला कांबळं लावून अंधार केला. दोन्ही मुळींचे अर्क तिने गाळणकागदाच्या पट्ट्यांवर चढवून आणले होते. दिवा लावला, आणि कागदावर निळे, हिरवट पट्टे उजळले. दोन्हीकडे तेच, त्याच उंचीवर. मग गावच्या पट्टीवर, अगदी वर, जिथे काही नसायला हवं, तिथे मला एक फिकट डाग दिसला. माणूस दाराशी येऊन परत फिरावा, तसा तो दिसला आणि गेला. मी म्हणालो, तिथे बघा. वहिनी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मले नाही दिसलं, भाऊजी. दोघाले दिसलं तरच धरायचं." बाहेर येऊन उन्हात डोळे चोळताना पुढे म्हणाली, "नाही म्हणून नाही राहिली मी. मोजायचं राह्यलं असंल काही."

चुलीचा उलगडा सुकवारोने केला. एका सकाळी दादा ताट सारून बसला होता, आणि ती पाण्याची घागर उतरवत होती. मालिक जेवत का नाही, असं तिने विचारलं. वहिनीने तेव्हा पहिल्यांदाच तिला ती हकिकत सांगितली, पेटलेली चूल, पितळी गंज, झाकण. सुकवारो घागर तशीच कडेवर धरून उभी राहिली. मग हसायला लागली. ते उठवलेलं गाव तिचंच, आणि ती चूल तिची होती. त्यांच्या घरात अशी रीत, की घर कायमचं सोडताना त्या घरातल्या पुरख्यांसाठी, म्हणजे पूर्वजांसाठी, शेवटचा भात रांधायचा आणि मागे वळून न बघता निघायचं. माणसं आधीच गेली होती, ती एकटी त्या सकाळी येऊन चूल पेटवून गेली होती. "जियत मनखे कोनो नइ रिहिस उहाँ, मालिक," ती दादाला म्हणाली. जिवंत माणूस तिथे कोणी नव्हतं. माझ्या छातीवरून इतक्या वर्षांचा दगड उतरला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. दादा एकटा तसाच बसून होता. त्याने हळूच विचारलं, "अन् मेलेले?" सुकवारोने घागर खाली ठेवली, पदर सारखा केला आणि साध्या आवाजात सांगितलं, "ओमन तो उहेंच हें." ते तर तिथेच आहेत.

त्याच आठवड्यात वहिनीने सुकवारोला नवा पितळी गंज घेऊन दिला. आणि दादाला गावची मुळी देणं बंद केलं. उरलेले तिसरे वाटे तेवढे डब्यात राहिले. पुढे त्या जागेवर पाया खणला गेला, शेड उभी राहिली, आणि ती मुळं संपली. दादा कधी कधी मागायचा. रागावून नाही, एखाद्याने माहेरची आठवण काढावी तसा. "थोडीशी दे नं, तिथं कोणी हाका नाही मारत." वहिनी म्हणायची, पंचाचा वाटा आहे तो, आपला नाही. आणि डोंगराच्या मुळीची पुडी द्यायची, दर हंगामाला नव्याने मोजलेली. त्या पुड्यांवर दादा निम्मी झोप झोपला, पण रोज उठला. डोझर सोडून तो पंपघरात लागला. सणाला नवा सदरा घालू लागला. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं म्हणून वहिनी त्याच्या भाजीत इतकं कमी घालायची, की तो दर जेवणाला तोंड वाकडं करायचा. "बापू, तुह्या वहिनीनं मिठाचंही दोनदा वजन केलं वाट्टे!" हे एवढंसं भांडण आमच्या घरातलं सुख होतं.

क्लोरोफॉर्म मीच आणायचो. त्याला गोड वास असतो. आमच्या स्वयंपाकघराला तो वास कायमचा लागला होता, डाळीच्या फोडणीतूनही यायचा. वाऱ्याने विस्तव हलू नये म्हणून वहिनी खिडकी लावून घ्यायची आणि वाटीवर वाकून बसायची. गेल्या पावसाळ्यात तिच्या डोळ्यांत पिवळेपणा आला. डॉक्टर म्हणाले, यकृत. मी त्यांना सगळं सांगितलं, वास, खिडकी, वर्षं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, असेल, नसेलही, सांगता येणार नाही. मला शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, किंवा सुटका. वहिनीला हे कळलं तेव्हा ती इस्पितळाच्या खाटेवर होती. म्हणाली, "उगाच आकडा नका धरू, भाऊजी. एकदाही मोजलं नाही तुमी थे." माझ्या आधारासाठी म्हणाली हे मला समजतं. पण तिने खोटं कधी सांगितलं नव्हतं, याचाही मी आधार घेतो... आणि तो पुरत नाही.

शेवटच्या भेटीत मी एकटाच तिच्यापाशी होतो. दादा बाहेर बाकावर बसला होता. तिने विचारलं, पुड्या किती दिवस पुरतील. मी सांगितलं. मग म्हणाली, "मीठ कमीच घालजा. अन् जेवून आलो म्हणाले, तरी ताट वाढजा. वाढलेलं दिसलं की माणूस बसते." डब्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तिने मोजून ठेवलेल्या पुड्या संपल्या. नवीन मोजायला मला बसवत नाही. स्वयंपाकघराची खिडकी मी आता उघडी ठेवतो, वास कमी होत चालला आहे, आणि त्याचंही मला वाईट वाटतं. दादाने पुडी मागितली नाही. मी घाबरून होतो, की तो पुन्हा खाटेवर बसून ऐकत राहील. पण तो झोपू लागला. काही न घेता, गाढ. मागच्या आठवड्यात सकाळी मी ताट वाढलं, तर तो ताटाकडे बघून म्हणाला, "जेवून आलो." कितीतरी वर्षांनी ते शब्द कानावर आले. मी म्हणालो, "दादा, तुले तर मी काहीच देल्लं नाही." तो म्हणाला, "हो नं." मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. कोणी वाढलं? दादा माझ्याकडे बघून हसला, लाजल्यासारखा, नवऱ्यामुलासारखा. "तोंड नाही दिसलं. पण मीठ कमी होतं, बापू."

तो अंघोळीला गेल्यावर मी फळीवरून बिस्किटाचा डबा काढला. सगळ्या पुड्या जागच्या जागी होत्या, तिच्या अक्षरातल्या, लाख न फुटलेल्या. त्या जेवणाच्या डब्यात घालून मी प्रयोगशाळेत नेल्या आणि सुट्टीत एकेक तराजूवर ठेवली. प्रत्येक पुडी तोळाभर, वहिनीचा हात चुकत नसे. विहिरीजवळ, बरोबर. कोठ्यामागे, बरोबर. उंबऱ्याशी, बरोबर. चुलीजवळ लिहिलेली पुडी कमी भरली. एक मात्रा असते, तेवढी. मी उजेडात धरून लाख पुन्हा पुन्हा बघितली. तिच्यावर तडा नव्हता. मूळ वाळतं, वजन उतरतं, मला माहीत आहे. एकाच डब्यातली एकच का उतरावी, तेही कोणी समजावून सांगेल. आमच्या धंद्यात एका वजनाला वजन म्हणत नाहीत. तराजू समोर होता, सुट्टी संपायला वेळ होता. मी पुडी उचलून पुन्हा ठेवू शकलो असतो. काट्याच्या पेटीचं दार मी लावून घेतलं आणि पुड्या गोळा केल्या.

डबा परत फळीवर आहे. रोज कामावर निघताना मी त्याच्यापुढे थांबतो. दुसरं वजन मी अजून घेतलेलं नाही. तोवर दादाचं ताट वाढतो, भाजीत मीठ घालताना हात आखडतो, आणि तो बसतो का ते बघत उभा राहतो.